दोन एअरपोर्टमधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ: आकडे जुळत का नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की लंडनचं हीथ्रो ते न्यूयॉर्कचं जेएफके हे अंतर कॅल्क्युलेटरवर ५,५४० किलोमीटर येतं, वेळ ६ तास ४० मिनिटं दाखवतो, पण तिकिटावर जाताना ८ तास आणि येताना ७ तास लिहिलेत, मग यातलं खरं काय, एअरलाईन उगाच वेळ वाढवून लावते का, आणि जेएफकेवरून वेगळ्या तिकिटावर पुढचं विमान पावणेदोन तासांनी आहे ते मिळेल का. मी फ्लाइट डिस्पॅचर आहे, म्हणजे विमान कुठल्या रूटने जाणार, किती उंचीवरून जाणार, किती इंधन घेणार हे आधी जमिनीवर बसून ठरवायचं काम, आणि हे करत वीसेक वर्षं झाली, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते, कारण हा प्रश्न मला घरचे-दारचे सगळे विचारतात आणि दोन वाक्यात सांगितलं की कुणाचंच समाधान होत नाही.

आधी ५,५४० चं बघू. हा आकडा बरोबर आहे, त्यात काही गडबड नाही. फक्त तो कशाचा आहे हे समजून घ्या. पृथ्वीच्या गोळ्यावर दोन ठिकाणांमध्ये दोरी ताणून धरली तर ती जिथून जाईल ती सगळ्यात छोटी वाट, तिला ग्रेट सर्कल म्हणतात. मी कामाला लागले तेव्हा आमच्या सीनियरनी पहिल्या दिवशी कॉम्प्युटरला हातच लावू दिला नव्हता, एक पृथ्वीचा गोल आणि सुतळीचा तुकडा दिला आणि म्हणाले, बस, दिवसभर मोजत बस. तेव्हा वैताग आला होता पण त्या एका दिवसात जे डोक्यात बसलं ते अजून निघालेलं नाही. सपाट नकाशावर लंडन-न्यूयॉर्क सरळ रेघ मारली तर ती समुद्राच्या मधून जाते, गोलावर सुतळी ताणली तर ती आयर्लंडवरून वर जाऊन न्यूफाउंडलंडवरून खाली उतरते. नकाशावर ती वाकडी दिसते आणि लोकांना वाटतं की विमान वळसा घेतंय, वळसा नसतो तो, वाकडा नकाशा असतो. ६० अंश अक्षांशावर रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावरच्या एका अंशाच्या निम्माच असतो, साधारण ५६ किलोमीटर, आणि आपण शाळेत बघतो त्या नकाशात दोन्ही सारख्याच रुंदीचे काढलेले असतात, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

हे अंतर काढायचं गणित अवघड नाही, दोन्ही एअरपोर्टचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरायची, हॅवरसाइन सूत्रात टाकायचं की झालं. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्ताकडची त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवाकडची ६,३५७ किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे गोल धरून काढलेलं आणि चपटेपणा धरून काढलेलं अंतर यात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. म्हणजे दोन कॅल्क्युलेटरनी तुम्हाला दहा-वीस किलोमीटरचा फरक दाखवला तर त्यावर डोकं घालवू नका. खरा फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टीने, काही कॅल्क्युलेटर एअरपोर्टपासून न मोजता शहराच्या मध्यापासून मोजतात, आणि काही वेळा तर शहरच भलतं पकडतात. लंडन कॅनडात पण आहे, सिडनी पण कॅनडात आहे, बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे तसं अमेरिकेत आहे, सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टारिकात पण आहे. म्हणून नाव टाकू नका, तीन अक्षरी कोड टाका, आणि तो पण तिकिटावरूनच बघून टाका. अजून एक, मैल दिसले तर ते कुठले मैल ते बघा. आमच्या धंद्यात नॉटिकल माईल चालतो, तो १.८५२ किलोमीटरचा, रस्त्यावरचा मैल १.६०९ चा. ५,५४० किलोमीटर म्हणजे २,९९१ नॉटिकल माईल पण ३,४४२ साधे मैल, या दोघांची सरमिसळ करून वेळ काढलेले हिशोब मी खूप पाहिलेत.

आता मुद्दा असा की हे ५,५४० किलोमीटर विमान प्रत्यक्षात कधीच उडत नाही. आम्ही फ्लाइट प्लॅन काढतो त्यात जे अंतर येतं ते याहून जास्तच असतं. टेकऑफ ज्या दिशेला झालं त्या दिशेला आधी जावं लागतं मग ठरलेल्या वाटेने बाहेर पडायचं, उतरताना पण तसंच, ठरलेल्या वाटेने रांगेत यायचं. युरोपात विमानांच्या कार्बनचा हिशोब करतात तेव्हा यासाठी ग्रेट सर्कलमध्ये सरळ ९५ किलोमीटर मिळवतात, आणि आयकाओ म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या कॅल्क्युलेटरमध्ये ५५० किलोमीटरच्या आतल्या फ्लाइटला ५०, ५,५०० पर्यंत १००, आणि त्यापुढे १२५ किलोमीटर मिळवतात. हा झाला सर्वसाधारण अंदाज. पण एखादा देश वरून जाऊ देत नसेल तर हा अंदाज साफ कोलमडतो. हेलसिंकी ते टोकियो घ्या, ग्रेट सर्कल साधारण ७,८०० किलोमीटर, आणि २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत ही फ्लाइट रशियावरून साडेनऊ तासात जायची, रशियाची हवाई हद्द बंद झाल्यावर फिनएअरची तीच फ्लाइट १३ तासांच्या आसपास गेली, कधी उत्तर ध्रुवावरून तर कधी दक्षिणेकडून फिरून. दोन्ही एअरपोर्ट जागचे हलले नाहीत, कॅल्क्युलेटर आजपण तोच आकडा दाखवतो, आणि माणूस मात्र सीटवर साडेतीन तास जास्त बसतो. डोंगराचं पण असतं, तिबेटच्या पठारावरून एअरलाईन शक्यतो जात नाहीत, कारण केबिनचं प्रेशर गेलं तर विमान पटकन १०,००० फुटांपर्यंत खाली आणावं लागतं आणि तिथे जमीनच त्याच्या वर आहे. आणि मोठ्या समुद्रावर दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक मिनिटांच्या आत पोचता येईल असं एअरपोर्ट लागतं, त्यामुळेही वाट थोडी इकडे-तिकडे होते, हल्लीच्या विमानांना ही मर्यादा इतकी मोठी दिलेली असते की बहुतेक रूटवर ती जाणवतही नाही.

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वारा, आणि तुमच्या ८ आणि ७ चं मुख्य उत्तर इथेच आहे.

बरेच जण मला सांगतात की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून फरक पडतो. मग उलटं व्हायला हवं ना, आपण वर हवेत थांबलो आणि खालून पृथ्वी पूर्वेकडे सरकली तर पश्चिमेला जाणारा लवकर पोचायला हवा. तसं होत नाही कारण हवा पृथ्वीबरोबरच फिरते, विषुववृत्तावर ताशी १,६७० किलोमीटरच्या वेगाने, आणि विमान त्या हवेत आहे. विमानाला फक्त त्याच्या आजूबाजूची हवा कळते. ती हवा स्वतः जमिनीच्या तुलनेत सरकत असेल तर विमान तिच्याबरोबर सरकतं, नदीत पोहणाऱ्यासारखं. आणि साधारण ३० ते ६० अंश अक्षांशांमध्ये, १० ते १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारे वाऱ्याचे पट्टे असतात, जेट स्ट्रीम, हिवाळ्यात ताशी २०० किलोमीटर ही तर अगदी नेहमीची गोष्ट, जोर धरला तर त्याच्याही कितीतरी वर. (पृथ्वीचं फिरणं यात अप्रत्यक्षपणे येतंच, वारे पश्चिमेकडून का वाहतात त्याचं कारण तेच, पण विमानाखालून जमीन सरकते म्हणून नाही.) हे वारे पहिल्यांदा नीट मोजले ते जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी, १९२० च्या दशकात ताटेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून सोडून, आणि १९२६ मध्ये ते छापलं एस्पेरांतो भाषेत, जगाला कळावं म्हणून. जगातल्या फार थोड्या लोकांनी ते वाचलं. मला या माणसाबद्दल फार आदर आहे, रोज सकाळी वाऱ्याचा चार्ट उघडला की आठवण येतेच.

आता हिशोब करून दाखवते. विमानाचा वेग आम्ही माकमध्ये धरतो, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या तुलनेत. ११ किलोमीटर उंचीवर तापमान सर्वसाधारणपणे उणे ५६.५ अंश, तिथे आवाजाचा वेग ताशी १,०६२ किलोमीटर. ७८७ किंवा ए३५० सारखं मोठं विमान ०.८५ माकने जातं म्हणजे ९०० च्या आसपास, ए३२० किंवा ७३७ सारखं ०.७८ ने म्हणजे ८३० च्या आसपास. वारा नसेल तर ५,५४० ला ९०० ने भागा, ६ तास ९ मिनिटं, त्यात चढण्या-उतरण्याचा अर्धा तास घाला, झाले ६ तास ४०. तुमचा कॅल्क्युलेटर एवढंच करतोय. आता ताशी १०० किलोमीटरचा वारा आणा, हा अगदी माफक वारा आहे. पश्चिमेला जाताना जमिनीवरचा वेग उरला ८००, तेवढ्याच अंतराला ६ तास ५५ मिनिटं. पूर्वेला येताना वेग झाला १,०००, वेळ ५ तास ३२ मिनिटं. सव्वा तासाहून जास्त फरक, नुसत्या वाऱ्याने. आणि बघा, दोन्ही मिळून झाले १२ तास २८ मिनिटं, वारा नसताना १२ तास १९ झाले असते. म्हणजे जाताना गमावलं ते येताना पूर्ण भरून निघत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता. हे गणित नव्या मुलांना पटत नाही, मग मी त्यांना कागदावर करायला लावते.

वारा जोरात असला की काय होतं त्याचं उदाहरण फेब्रुवारी २०२० चं, अटलांटिकवर वादळ होतं, सियारा नावाचं, तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं ७४७ जेएफकेहून हीथ्रोला ४ तास ५६ मिनिटांत आलं, जमिनीवरचा वेग एका वेळी ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तेव्हा लोक विचारत होते की आवाजाचा वेग ओलांडला का, तर नाही, आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं, हवाच पळत होती. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या कॉनकॉर्डने हेच अंतर ७ फेब्रुवारी १९९६ ला २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत कापलं होतं, ती वेगळीच गोष्ट.

यामुळेच आम्ही सगळ्यात जवळची वाट शोधतच नाही, सगळ्यात कमी वेळाची शोधतो. त्यासाठी आम्ही बघतो ते एअर डिस्टन्स, म्हणजे विमानाने हवेतून किती अंतर कापलं. वरच्या उदाहरणात जाताना जमिनीवरचं अंतर ५,५४० च, पण विमान ९०० च्या वेगाने ६ तास ५५ मिनिटं हवेतून चाललं म्हणजे ६,२३० किलोमीटर चाललं. इंधन याला लागतं, ५,५४० ला नाही. उत्तर अटलांटिकवर तर रोज वाऱ्याप्रमाणे नवे ट्रॅक आखतात, युरोपकडून निघणारे दिवसाचे शॅनविक आखतं, अमेरिकेकडून येणारे रात्रीचे गँडर आखतं, ही दोन्ही समुद्रावरच्या विमानांवर लक्ष ठेवणारी हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रं, पहिलं ब्रिटन-आयर्लंडचं, दुसरं कॅनडाचं. येणारे ट्रॅक जेट स्ट्रीमच्या अंगावर, जाणारे त्याला टाळून, बऱ्याचदा पार उत्तरेला, त्यामुळे ५,५४० चे कधी ५,७०० होतात कधी त्याहून जास्त, आणि रोज वेगळे. आज ज्या वाटेने गेलात ती उद्या नसेल.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं आहे. ग्रेट सर्कल साधारण १२,४०० किलोमीटर, ध्रुवाजवळून. एअर इंडिया आधी अटलांटिकवरून जायची, सुमारे १३,९०० किलोमीटर. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी उलटी दिशा धरली, पूर्वेला, पॅसिफिकवरून, अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० नी वाढलं, आणि फ्लाइट साडेचौदा तासांत पोचली, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. सगळा रस्ता पाठीमागून वारा होता. ज्याने पहिल्यांदा हे डिस्पॅच डेस्कवर मांडलं असेल त्याला किती आनंद झाला असेल ते मी समजू शकते, आम्हाला असे प्रसंग वर्षातून एकदा आले तरी पुरतात.

बरं, आता तिकिटावरच्या वेळेकडे येऊ, कारण तिकिटावरचे ८ तास हे उडण्याचे तास नाहीतच. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात, गेटवरून विमान हललं तिथून ते पलीकडच्या गेटवर उभं राहिलं तिथपर्यंत. आमच्याकडे प्रत्येक फ्लाइटच्या चार वेळा येतात, गेट सोडलं, चाकं जमिनीवरून उचलली, चाकं जमिनीला लागली, गेटवर उभं राहिलं. मधल्या दोनमधला वेळ हाच खरा उडण्याचा, आणि कॅल्क्युलेटर दाखवतो तो साधारण हा. पहिल्या दोनमधला टॅक्सीचा वेळ, म्हणजे विमान गेटपासून रनवेपर्यंत जमिनीवरून चालत जातं तो, छोट्या एअरपोर्टवर ५ मिनिटं असतो, मोठ्यावर २०-२५ सहज होतात, जेएफकेला संध्याकाळच्या गर्दीत त्याहूनही जास्त. अॅमस्टरडॅमच्या स्किपोलला पोल्डरबान नावाचा रनवे आहे, २००३ मध्ये सुरू झालेला, तो टर्मिनलपासून इतका लांब आहे की उतरल्यावर गेटपर्यंत यायला १५ मिनिटं लागू शकतात, नवख्या माणसाला वाटतं की आता गाडीनेच नेतायत की काय. हीथ्रोला उतरताना चार ठिकाणी विमानं एकावर एक गोल गोल फिरत थांबवतात, बोव्हिंगडन, लँबोर्न, ऑकम आणि बिगिन, सकाळी तिथे दहा-पंधरा मिनिटं थांबणं हे आम्ही धरूनच चालतो.

तर तुमच्या फ्लाइटचं गणित मांडू. जाताना: प्रत्यक्ष वाट ५,७५० किलोमीटर धरू, वाऱ्यासकट वेग ८००, म्हणजे ७ तास १० मिनिटं, चढताना-उतरताना वेग कमी असतो त्याचे १२-१५ मिनिटं, हीथ्रोला टॅक्सी २०-२२, जेएफकेला १२. झाले ८ तासांच्या आसपास. येताना: ५,६५० ला १,००० ने भागा, ५ तास ४० मिनिटं, चढ-उतार १२, जेएफकेला टॅक्सी ३०, लंडनवर थांबणं १२, गेटपर्यंत १०. पावणेसात तास होतात, वर थोडी मोकळीक ठेवून ७ लावलेत. म्हणजे तिकीट खोटं बोलत नाहीये.

मोकळीक ठेवतात हे खरं आहे, ते मी लपवणार नाही. वेळापत्रक सहा-आठ महिने आधी लागतं, तेव्हा त्या दिवशीचा वारा कुणालाच माहीत नसतो, म्हणून गेल्या काही वर्षांत त्या मोसमात त्या फ्लाइटला किती वेळ लागला ते काढतात आणि दहातल्या निदान सहा-सात वेळा वेळेत बसेल असा आकडा घेतात. उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं वेळापत्रक म्हणूनच वेगळं असतं. अमेरिकेत वेळेत आली हे कशावरून ठरतं, तर गेटवर ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत आली यावरून, त्यामुळे आकडे चांगले दिसावेत म्हणून काही जण जरा जास्तच मोकळीक ठेवतात, मला ते आवडत नाही कारण मग प्रवाशाला खरी फ्लाइट किती लांब आहे हेच कळत नाही. पण मोकळीक अजिबात नसेल तर पुढच्या सगळ्या फ्लाइट एकामागोमाग लेट होत जातात, ते त्याहून वाईट.

पोचणं म्हणजे नक्की कधी यावर युरोपच्या कोर्टात केस झालेली आहे. २०१४ मध्ये निकाल लागला की चाकं टेकली तेव्हा नाही, गेटवर उभं राहिलं तेव्हाही नाही, विमानाचं निदान एक दार उघडलं आणि प्रवाशांना उतरता येऊ लागलं तेव्हा पोचलं असं धरायचं. मला हा निकाल फार पटतो. आणि युरोपात फ्लाइट रद्द झाली किंवा फार लेट झाली की भरपाई मिळते ती अंतरावरून ठरते, १,५०० आणि ३,५०० किलोमीटर या दोन पायऱ्या आहेत, २५०, ४०० आणि ६०० युरो, आणि तिथे धरतात ते ग्रेट सर्कलचंच अंतर. विमान प्रत्यक्षात किती फिरलं याला किंमत नाही, मध्ये बदलायची फ्लाइट असेल तरी पहिलं एअरपोर्ट ते शेवटचं एअरपोर्ट सरळ मोजायचं, २०१७ मध्ये तेही कोर्टाने स्पष्ट केलं. म्हणजे तुमच्या कॅल्क्युलेटरचा ५,५४० चा आकडा निरुपयोगी नाही, त्याची कामाची जागा वेगळी आहे.

घड्याळाचं पण बोललं पाहिजे, कारण निम्मे लोक तिथे फसतात. तिकिटावर निघायची वेळ तिथली आणि पोचायची वेळ तिथली असते. सकाळी ११ ला निघून दुपारी २ ला पोचलं म्हणजे ३ तास नाही, लंडन-न्यूयॉर्कमध्ये ५ तासांचा फरक आहे, ते ८ च झाले. त्यात भर म्हणजे अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करतात आणि युरोपात शेवटच्या रविवारी, मधले दोन-तीन आठवडे फरक ४ च तास असतो, तेव्हा तिकीट बघून वाटतं फ्लाइट एकदम तासाने लांबली. शरद ऋतूत पण एक आठवडा असाच जातो. आम्ही डेस्कवर सगळं यूटीसीमध्येच, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेतच करतो, तुम्ही पण दोन्ही वेळा यूटीसीत आणा आणि मग वजाबाकी करा, चूक होणारच नाही. यातलं टोकाचं उदाहरण म्हणजे सामोआतलं आपिया आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो, अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटर, छोट्या विमानाने साधारण अर्धा-पाऊण तास, पण मधून तारीखरेषा जाते. सामोआने २०११ च्या शेवटी ३० डिसेंबर हा दिवसच गाळला आणि रेषेच्या पलीकडे गेलं, तेव्हा आता सोमवारी दुपारी आपियाहून निघालेला माणूस रविवारी दुपारी पागो पागोला उतरतो.

छोट्या अंतराला तर भागाकार लावूच नका. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अशी फ्लाइट आहे, २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं, सगळ्यात लवकर पोचली ती ५३ सेकंदांत. आणि ३०० किलोमीटरच्या नेहमीच्या जेट फ्लाइटला तिकिटावर ५०-५५ मिनिटं दिसतात, त्यात पूर्ण वेगाने सरळ उडणं १० मिनिटं असलं तर असलं, बाकी सगळं चढणं, उतरणं आणि जमिनीवर फिरणं. ३५,००० फुटांवरून उतरायलाच १०५ नॉटिकल माईल म्हणजे १९५ किलोमीटर लागतात, म्हणून इतक्या छोट्या फ्लाइटमध्ये विमान तेवढं वर जातच नाही.

घरी बसून अंदाज काढायचा असेल तर मी असं करते: अंतराला ८५० ने भागायचं, त्यात अर्धा तास घालायचा, हा उडण्याचा वेळ, तिकिटाशी जुळवायचा असेल तर अजून अर्धा तास. मधल्या अक्षांशांमध्ये लांब पश्चिमेला जायचं असेल तर दर तासाला ५-६ मिनिटं वाढवायची, पूर्वेला तेवढीच कमी. उत्तर-दक्षिण फ्लाइटला किंवा विषुववृत्ताच्या आसपास हे करायची गरज नाही. आणि याहून चांगला उपाय म्हणजे फ्लाइट ट्रॅकरवर तुमच्याच फ्लाइट नंबरचे गेल्या पंधरा दिवसांचे निघण्या-पोचण्याचे खरे वेळ बघणे, सरासरी बघू नका, त्यातले सगळ्यात वाईट तीन दिवस बघा.

आता तुमचं कनेक्शन. माझ्या आत्येभावाने असंच केलं होतं, कॅल्क्युलेटरवरचे तास धरून, विमान तिकिटापेक्षा तासभर आधीच उतरेल असं गृहीत धरून पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर घेतलं होतं. त्या दिवशी समोरचा वारा जोरात होता, विमान २० मिनिटं उशिरा गेटला लागलं, पुढचं विमान डोळ्यासमोर गेलं आणि दोन तिकिटं वेगळी असल्याने कुणाचीच जबाबदारी नव्हती, नवीन तिकीट काढावं लागलं. तुमचे पावणेदोन तास हे तिकिटावरच्या पोचायच्या वेळेपासून धरलेत असं गृहीत धरते. त्यातून दार उघडून बाहेर यायला १५ मिनिटं, इमिग्रेशनला कधी २० मिनिटं कधी दीड तास, तिकिटं वेगळी म्हणजे बॅग स्वतः घेऊन कस्टममधून बाहेर यायचं, टर्मिनल बदलायचं, परत बॅग द्यायची, आणि बॅग घेणं ते निघायच्या बऱ्याच आधी बंद करतात. विमान अगदी वेळेवर आलं तरी हे बसत नाही. त्यातून तुम्ही जानेवारीत जाताय म्हणालात, तेव्हा जेट स्ट्रीम सगळ्यात जोरात असते आणि तुम्ही नेमके तिच्या विरुद्ध जाताय. पुढचं विमान निदान साडेचार-पाच तासांनंतरचं घ्या, किंवा दोन्ही एकाच तिकिटावर करून घ्या म्हणजे चुकलं तरी पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची. आणि परत येताना मात्र ७ तासांचे सहाच झाले तर घाई करू नका, पहाटे हीथ्रोला लवकर पोचलेलं विमान बहुतेक वेळा गेट रिकामं होईपर्यंत बाहेरच उभं असतं.